सेनापतीची नक्कल

ऑलस ट्रेमेलियसच्या बापाची प्रेतयात्रा एका दारुड्या नटाने नासवली होती.

मोठ्या घराण्यातला माणूस गेला की त्याच्या तिरडीपुढे एक नट चालायचा. मेलेल्याच्या चेहऱ्याचा मेणाचा मुखवटा घालायचा, त्याचीच चाल चालायचा, त्याच्याच आवाजात बोलायचा. त्या दिवशी नटाने मेलेल्याच्या खोड्या काढल्या तरी घरच्यांनी रागवायचं नाही, ही रोमची जुनी रीत. पण तो नट भलत्याच पायाने लंगडला, भाषणाच्या मध्येच त्याने ढेकर दिला आणि अख्खा फोरम, रोमचा मोठा चौक, खो खो हसला. ट्रेमेलियस तेव्हा विशीत होता. पुढे त्याने तीन युद्धं जिंकली, निम्मा हिस्पानिया टाचेखाली आणला, विजययात्रेच्या रथात उभा राहून त्याच फोरममधून गेला. पण तो ढेकर काही त्याच्या डोक्यातून गेला नाही.

सत्तरी उलटल्यावर त्याच्या पायांत पाणी भरलं. वैद्य खरं बोलायचं टाळू लागला, तेव्हा ट्रेमेलियसने मुलाला प्रेनेस्टेच्या डोंगरातल्या शेतघरी बोलावून घेतलं.

"पब्लियस, माझं सोंग घेणारा आधी मला दाखव. मी स्वतः शिकवणार त्याला."

पब्लियसने रोमभर चौकशी केली. सगळ्यांनी एकच नाव सांगितलं: कोसिनियसच्या नाटकमंडळीतला हिलारस. हिलारस म्हणजे हसरा. गुलामांना अशी नावं द्यायची हौस त्यांच्या मालकांना असते. तेहेतिशीचा, काटक, चेहरा असा की एकदा पाहून लक्षात राहू नये. त्या कोऱ्या चेहऱ्यावर तो कुणालाही आणून बसवायचा. खाटीक, सिनेटर, बाळंतीण, रागावलेलं बदक. कोसिनियसने त्याला महिन्याच्या बोलीवर भाड्याने दिला आणि बैलगाडीत बसवून पाठवून दिला.

ट्रेमेलियस अंगणात उन्हाला बसला होता. दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत सुजून भोपळ्यासारखे झालेले. मागे व्हिबेनस उभा. हा त्याचा जुना सेंच्युरियन, शंभर शिपायांवरचा नायक, एक कान गेलेला, हातात अजूनही शिपायांना बडवायची द्राक्षवेलीची काठी. सेनापती घरी परतला तेव्हा हाही त्याच्या मागोमाग आला आणि तिथेच राहिला.

"चालून दाखव," ट्रेमेलियस म्हणाला.

"कुणासारखं, मालक?"

"माझ्यासारखं, गाढवा. दुसऱ्या कुणासाठी आणलंय तुला?"

"मालकांना चालताना मी पाहिलेलंच नाही."

यावर ट्रेमेलियसने खुर्चीचे हात धरले आणि तो उठला. मुलगा धरायला पुढे आला, त्याचा हात त्याने झटकून टाकला. अकरा पावलं चालला. वळला. अकरा पावलं परत आला आणि खुर्चीत कोसळला. ओठ निळे पडले होते.

"बघितलंस? आता पुन्हा बघायला मिळणार नाही."

हिलारसने डोळे मिटले, मान थोडी डावीकडे कलती केली आणि चालायला लागला. अंगणाच्या टोकाला एक मोलकरीण ऑलिव्हची टोपली घेऊन येत होती. तिने त्याला पाठमोरा पाहिला आणि घाईघाईने भिंतीला चिकटून उभी राहिली, खाली मान घालून, मोठे मालक जवळून जाताना राहायची तशी.

पब्लियसच्या तोंडून "अरे वा" निघून गेलं. म्हातारा मात्र हसला नाही. तो हिलारसच्या डाव्या हाताकडे बघत होता. त्याच्या स्वतःच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं नव्हती. आफ्रिकेत कुणाच्या तरी तलवारीने नेली होती.

"ती दोन काय करतायत तिथे?"

"दुमडून घेईन, मालक. टोग्याच्या घडीत लपतील."

"दुमड बघू."

हिलारसने दुमडली.

"दिसतंय," ट्रेमेलियस म्हणाला. मग मुलाकडे वळून, "याला विकत घे."

"बाबा, महिन्याभराचं तर काम आहे. भाड्यानेच..."

"भाड्याच्या वस्तूला कापता येत नाही."

तिसऱ्या दिवशी विक्रीच्या करारावर कोसिनियसची सही होऊन आली. त्याच दुपारी व्हिबेनसने हिलारसला स्वयंपाकघरात नेलं, मांस तोडायच्या ओंडक्यावर त्याचा हात ठेवला आणि सत्तूर धार लावायच्या दगडावरून दोनदा फिरवला. स्ट्रॅटो नावाचा म्हातारा आचारी तोंड फिरवून चुलीकडे बघत उभा राहिला.

"ऐक रे नटव्या," व्हिबेनस हळूच म्हणाला. "ओरडू नकोस. म्हातारा ओरडला नव्हता तेव्हा. पलीकडे कान लावून बसलाय. ओरडलास तर म्हणेल चुकलं, आणि दुसऱ्या हातावर तालीम घ्यायला सांगेल. मी ओळखतो त्याला."

हिलारसने अंगरख्याचा बोळा दातांत धरला. तो ओरडला नाही. व्हिबेनसचा हात साफ होता, एका घावात काम झालं. वर त्याने कढत डांबर लावलं आणि दोन्ही बोटं उचलून बाहेर कुत्र्यांकडे भिरकावली.

दुसऱ्या दिवशी ट्रेमेलियसने पट्टी सोडायला लावून जखम तपासली, माप घेतल्यासारखी, स्वतःचा हात शेजारी धरून.

"छान. ओरडलाही नाहीस म्हणे. निम्मा मी झालासच."

त्या आठवड्यात हिलारसला ताप भरला. स्ट्रॅटो त्याला मसुराचं पातळ सूप आणून भरवायचा आणि काही बोलायचा नाही. एकदाच म्हणाला, "मला चौदा वर्षं झाली इथे. तू लवकर शीक आणि लवकर सुट."

शिकवणी चाळीस दिवस चालली. ट्रेमेलियस कधी ओरडायचा नाही. त्याचा आवाज खालचा, कोरडा, आणि हुकूम देण्याआधी तो जीभ वरच्या दातांवरून फिरवायचा. भाकरी डाव्या दाढेने खायचा. समोरच्याचं बोलणं ऐकताना त्याच्या तोंडाकडे न बघता गळ्याकडे बघायचा. हिलारसने हे सगळं चार दिवसांत उचललं. पण म्हाताऱ्याचं तेवढ्याने भागत नव्हतं. तो आपलं आयुष्य सांगायचा, आणि जे सांगितलं ते हिलारसने त्याच्याच आवाजात त्याला परत सांगायचं.

सतराव्या वर्षीची पहिली लढाई. पहाऱ्यावर झोपलेल्या पुतण्याला आधी फटके, मग मुंडकं, आणि मग ठरलेल्या वेळी जेवण. वेढलेल्या गावातून पाणी मागायला आलेल्या म्हाताऱ्यांना तटावरून परत फेकलं, ते. तो हे सगळं असं सांगायचा जसा भटारी आजच्या भाकऱ्या कशा भाजल्या ते सांगेल.

"'पुतण्या' म्हणताना थांबलास," तो मध्येच म्हणायचा.

"चुकलो, मालक."

"थांबलास म्हणजे तुझ्या आवाजात दया आली. ती माझी नाही. व्हिबेनस, काढ ती बाहेर."

काठी पाठीवर पडायची. हिलारस पुन्हा सुरू करायचा. विसाव्या दिवसाच्या सुमारास थांबणं आपोआप बंद झालं.

मग एके सकाळी अंजिरं खाता खाता ट्रेमेलियसने विचारलं, "कुठला रे तू?"

"हिस्पानियाचा म्हणतात, मालक. तारॅकोच्या बाजारात विकला गेलो. तीन-चार वर्षांचा होतो, काही आठवत नाही."

"आता तेहेतीस." ट्रेमेलियसने अंजीर खाली ठेवलं. "व्हिबेनस, सेगोरिकाला किती वर्षं झाली?"

"तीस, सेनापती."

म्हातारा हसला. चाळीस दिवसांत हिलारसने त्याला हसताना तेवढंच पाहिलं, आणि तेही लगेच शिकून ठेवलं, कारण अंगाला आता तीच सवय लागली होती.

"बस," ट्रेमेलियस म्हणाला. "हे नीट ऐक. हे तुला करायचंच आहे."

सेगोरिका गावाने दोन उन्हाळे दाद दिली नव्हती. तेव्हा ट्रेमेलियसने तह केला. नदीकाठची काळी जमीन तुम्हाला देतो, शस्त्रं टाका आणि बायकापोरांसकट खाली या, माणशी तुकडे पाडायचे तर मोजणी करावी लागेल. त्याने देवांची शपथ घेतली. गाव खाली आलं. तिन्ही बाजूंनी खंदक असलेल्या शेतात चार हजारांवर माणूस उभं राहिलं, काहींनी जमीन नांगरायला बैलसुद्धा आणले होते. दुभाष्याकडून ट्रेमेलियसने त्यांच्या भाषेतला एकच शब्द शिकून घेतला होता: बसा.

"बसलेल्या माणसाला उठायला दोन श्वास लागतात," तो म्हणाला. "दोन श्वासांत खूप होतं. मी म्हणालो बसा. बसले. मग मी झगा असा उजव्या खांद्यावर ओढला. तो इशारा होता. सकाळी सुरू केलं, जेवणाच्या आत आटोपलं."

"आणि पोरं?" हिलारसने विचारलं. आवाज ट्रेमेलियसचाच होता. स्वतःचा त्याला पटकन सापडला नाही.

"पोरं विकली. माझा कमरपट्टा दोन भाल्यांना आडवा बांधायला लावला होता. त्याच्याखालून न वाकता जाईल ते वाचलं. व्हिबेनस होता तिथे."

"आया पोरांचे खांदे दाबत होत्या," व्हिबेनस म्हणाला. "बुटकी दिसावीत म्हणून."

अंगणात कोंबड्या कलकलत होत्या. ट्रेमेलियस पुढे वाकला आणि हिलारसच्या गळ्याकडे बघू लागला.

"काय आठवतंय?"

"काही नाही, मालक."

"नीट आठव. एखादा हात? इथे, खांद्यावर? जड?"

हिलारसने आठवून पाहिलं. न पाहणं त्याच्या हातात नव्हतं. काही सापडलं नाही. पण त्या दिवसापासून पाठीवर झोपलं की त्याला खांद्यांवर वजन जाणवायचं, आणि ते आईचं की म्हाताऱ्याने तिथे आणून ठेवलेलं, हे त्याला मरेपर्यंत ठरवता आलं नाही.

"हे फोरममध्ये करायचं," ट्रेमेलियस म्हणाला. "सिनेटने मला रथात चढवलं आणि पाठीमागे कुजबुजले, शब्द मोडला, शपथ मोडली. तीस वर्षं कुजबुजतायत. मेल्यावर मला पांढरं कबूतर करून मिरवतील ते मला नको. मी जे केलं ते केलं. बघू दे सगळ्यांना."

पब्लियसने हे दारातून ऐकलं. संध्याकाळच्या आत त्याने हिलारसला तेलाच्या घाण्यापाशी गाठलं.

"ते हिस्पानियाचं करायचं नाही. तीन महिन्यांनी माझी निवडणूक आहे, निम्मे मतदार ते शपथेचं प्रकरण विसरलेत, त्यांना आठवण करून देऊ नकोस."

"मोठे मालक म्हणतात..."

"मोठे मालक तेव्हा तिरडीवर असतील. आणि मी जमिनीवर असेन. केलंस तर चांदीच्या खाणीत पाठवीन तुला. कळलं?"

"कळलं, मालक."

शेवटच्या पाच दिवसांत ट्रेमेलियसचा आवाज गेला. घशातून नुसती घरघर यायची. तेव्हा त्याने हिलारसला पलंगापाशी उभं केलं. म्हातारा बोटाने खूण करायचा, हिलारस त्याच्या आवाजात हुकूम सांगायचा. खिडकी लावा. दिवा हलवा. त्याला बाहेर काढा. नोकरांना सुरुवातीला शहारे आले, मग ते हिलारसच्या तोंडाकडे न बघता त्याच्या आवाजाला मान लववू लागले.

एका दुपारी स्ट्रॅटोने आणलेलं सूप खारट झालं होतं. म्हाताऱ्याने वाटी लोटून दिली आणि एक बोट वर केलं. एक बोट म्हणजे दहा फटके. घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

हिलारसने जीभ दातांवरून फिरवली.

"वीस," तो म्हणाला.

स्ट्रॅटोने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. व्हिबेनसनेही पाहिलं, मग सेनापतीकडे. ट्रेमेलियसचं बोट अजून वरच होतं, एकटं. ते त्याने हळूच खाली घेतलं आणि मान डोलावली. त्याच्या चेहऱ्यावर चेल्याचा अभिमान वाटणाऱ्या गुरूचं समाधान पसरलं.

वीस फटके झाले. स्ट्रॅटो म्हातारा होता, सोळाव्यानंतर उभा राहिला नाही. हिलारसने खिडकीतून सगळे मोजले. आपण दहा का म्हणालो नाही, याचं उत्तर तो शोधत राहिला. त्याला एवढंच सापडलं की वीस म्हणायला सोपं गेलं होतं. स्ट्रॅटो तिसऱ्या दिवशी गेला. सेनापती त्याच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, हिलारसकडे बघत. हिलारसचा डावा खांदा अजून एक केसभर खाली हवा होता, तेवढं बोटाने दाखवलं आणि मेला.

रोममध्ये सात दिवस तयारी चालली. प्रेतयात्रेच्या सकाळी व्हिबेनसने स्वतः हिलारसला कपडे चढवले. विजययात्रेचा जांभळा टोगा, वर लष्करी झगा. मेणाचा मुखवटा आतून गार होता आणि त्याला मधाचा वास येत होता.

"करणार आहेस?" व्हिबेनसने विचारलं.

"काय?"

"येड पांघरू नकोस. ते."

हिलारसने मुखवट्याची वादी मागे घट्ट बांधली. गेले सात दिवस तो त्याचाच विचार करत होता. स्ट्रॅटो मेल्यापासून तर दुसरा विचारच त्याच्या डोक्यात नव्हता. त्याने ठरवलं होतं की करायचं. म्हाताऱ्याने सांगितलं म्हणून नाही. म्हाताऱ्याला ते सांगताना जी लाज वाटली नाही, ती अख्ख्या रोमला वाटेल, लोक तोंडं झाकतील, कुणीतरी रडेल, आणि ज्याचं नाव पुढची शंभर वर्षं दगडात कोरून ठेवायचं आहे त्याच्यावर लोक त्याच्या तिरडीपुढेच थुंकतील. मग खाण तर खाण. खाणीत माणूस फार दिवस टिकत नाही, हेही त्याला बरंच वाटत होतं.

शिंगं वाजली. भाड्याच्या बायकांनी छाती पिटायला सुरुवात केली. वाडवडिलांचे मुखवटे घातलेली माणसं रथांतून निघाली आणि सगळ्यांच्या शेवटी, तिरडीच्या पुढे, ऑलस ट्रेमेलियस चालत निघाला.

रस्ताभर लोक आधी गप्प झाले, मग हसायला लागले. हिलारसने एका फळवाल्याच्या गळ्याकडे बघत विचारलं, "ही नासपती तू उभा राहून विकतोस की लाज वाटून बसतोस?" फळवाल्याची बायको हसून हसून खाली बसली. म्हातारे शिपाई गर्दीतून कोपरं मारत पुढे आले. "तोच! तोच आहे! चाल बघ हरामखोराची!" एकाने डोळे पुसले.

फोरममध्ये पब्लियसने व्यासपीठावरून भाषण केलं. वडिलांची सचोटी, वडिलांचा साधेपणा, वडिलांचा दिलेला शब्द. मग त्याने हात करून नटाला वर बोलावलं, दोन शब्द बोल आणि उतर, अशा अर्थाने.

हिलारस वर चढला. समोर डोकीच डोकी. त्याने सेगोरिकाचं नाव घेतलं. जमिनीचं सांगितलं, शपथेचं सांगितलं, बैल आणलेले सांगितले, तोच खालचा कोरडा आवाज. शेवटच्या रांगेपर्यंत टाचणी पडली तरी ऐकू आलं असतं. पब्लियसचा चेहरा मुखवट्याच्या मेणासारखा पिवळा पडला. हिलारसने जीभ दातांवरून फिरवली आणि त्या लोकांच्या भाषेत म्हणाला, बसा.

कुणाला शब्द कळला नाही, पण हात कळला. पुढच्या रांगा गंमत म्हणून बसल्या. मागच्यांनी त्यांचं पाहून बैठक मारली. दुकानदार बसले, बायका बसल्या, टोगा सावरत दोन सिनेटरही बसले. जवळजवळ अख्खा फोरम फरशीवर बसला. मग हिलारसने झगा उजव्या खांद्यावर ओढला.

एक श्वास शांतता. गर्दीत पाच-पन्नास म्हातारे उभेच होते, जे सेगोरिकाला होते. त्यांचे हात आपोआप कमरेकडे गेले, जिथे तीस वर्षांपूर्वी तलवार असायची. हिलारसने ते पाहिलं आणि त्याला वाटलं, आता. आता कळेल यांना.

"म्हातारा उठला रे!" उभ्यांपैकी एकजण ओरडला. "आमचा म्हातारा उठला!"

आणि फोरम उसळला. बसलेले उठून टाळ्या पिटू लागले, शिट्ट्या पडल्या, टोप्या उडाल्या. बाप पोरांना खांद्यावर घेऊन दाखवू लागले. "पुन्हा! पुन्हा एकदा!" मागचे ओरडत होते, त्यांना नीट दिसलं नव्हतं. हिलारस तसाच उभा राहिला. मुखवट्याच्या आत घाम त्याच्या डोळ्यांत उतरत होता. ओरडा थांबेना, तेव्हा पब्लियस जवळ आला. त्याच्या गालांवर रंग परतला होता.

"कर," तो दातांतल्या दातांत म्हणाला. "पुन्हा कर."

हिलारसने पुन्हा केलं. फोरम पुन्हा बसला.

पब्लियस निवडून आला, आणि चांगल्या मतांनी. सेगोरिकाच्या शपथेचं नाव नंतर कुणी कुजबुजूनही काढलं नाही. जे चौकात टाळ्या वाजवून झालं होतं त्याची कुजबूज कोण करणार? इच्छापत्र उघडलं तेव्हा कळलं की म्हाताऱ्याने हिलारसला मोकळं केलं आहे. मोकळा झालेला गुलाम सोडणाऱ्याचं नाव लावतो, तसा तो ऑलस ट्रेमेलियस हिलारस झाला.

"अभिनंदन, सेनापती," व्हिबेनस त्याला म्हणाला आणि खदाखदा हसला. मग हसणं थांबवून त्याने काठी काखेत धरली, टाचा जुळवल्या आणि सलाम ठोकला. ती थट्टा होती की नाही, हे त्या दोघांनाही नीट कळलं नाही.

पब्लियसने त्याला बोलावून घेतलं. "माझं ऐकलं नाहीस ते बरं केलंस. पुढच्या वेळी ऐकलं नाहीस तर हाडं मोडीन. आता तू या घराचा माणूस. दर वर्षी बाबांच्या नावाने खेळ भरवणार आहे मी. तू हे करायचंस."

मोकळ्या झालेल्या माणसाला जुन्या घराची कामं चुकत नाहीत. हिलारस दर वर्षी ते करू लागला. मग कापुआने मागणी केली, मग नेआपोलिसने. गावोगावच्या रंगमंचांवर दोन-दोन हजार माणसं हसत हसत बसायची आणि टाळ्या पिटत उठायची. सुरुवातीला खेळ झाल्यावर तो मागे जाऊन ओकायचा. तीन-चार वर्षांनी ते थांबलं. बदक, बाळंतीण, खाटीक, त्याची आधीची सगळी सोंगं लोक विसरले, आणि एकदा नुसती गंमत म्हणून बदक करून बघितलं तर ते ट्रेमेलियससारखं चालायला लागलं.

बाराव्या वर्षी पुतेओलीत खेळ झाल्यावर एक बाई मागच्या दाराशी येऊन उभी राहिली. वय पन्नाशीचं असेल, दिसत होती सत्तरीची. अंगाने ठेंगणी. कपडे धुण्याच्या भट्टीत आयुष्य गेलेलं, हात कोपरापर्यंत पांढरे, कातडी सोललेली.

"तू चुकतोस," ती म्हणाली. तिची लॅटिन ओबडधोबड होती.

हिलारस तोंडावरचा घाम पुसत होता. "काय चुकतं, आजी?"

"एकदाच म्हणतोस. तो दोनदा म्हणाला. पहिल्यांदा आम्हाला कळलंच नाही, असा घाणेरडा उच्चार. माझी मावशी हसली त्याला. मग तो पुन्हा म्हणाला. मग आम्हीच एकमेकांना सांगितलं. बसा म्हणतोय, बसा, मागे सांगा."

हिलारस खाली बसला.

"नाव काय तुमचं?"

"आउनिया."

"तुम्ही तेव्हा..."

"आठ वर्षांची. बुटकी होते."

"आईने खांदे दाबले होते?"

तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "हे तुला कुणी सांगितलं?"

"मी पण तिथलाच असेन," हिलारस म्हणाला. हे त्याने आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. "तीन वर्षांचा होतो. तारॅकोला विकलं मला. वय जुळतं. माझ्या चेहऱ्यात बघा ना काही. तिकडच्यासारखं काही आहे का?"

ती जवळ आली. त्याची हनुवटी धरून तिने चेहरा उजेडाकडे फिरवला, या बाजूने, त्या बाजूने. तिचे सोललेले हात खरखरीत होते.

"चेहऱ्यावरून कळत नाही," ती म्हणाली. "आमच्या भाषेत काही बोल."

हिलारसने तोंड उघडलं. त्याला त्या भाषेतला एकच शब्द येत होता. दुसरा कुठला खोल कुठे असेल म्हणून त्याने क्षणभर वाट पाहिली. काही आलं नाही. मग त्याने तोच म्हटला.

तिने हात काढून घेतला आणि अंगावरच्या कपड्याला पुसला.

"हा त्याचा उच्चार आहे," ती म्हणाली. "तू तिथला नाहीस." आणि ती गल्लीतून भट्टीच्या दिशेने निघून गेली.

दुसऱ्या दिवशी खेळाला पब्लियस स्वतः आला होता, सोबत बंदराचे अधिकारी होते. हिलारसने झगा चढवला. जमीन, शपथ, बैल. मग तो बसा म्हणाला. कोणी बसायच्या आत त्याने हात वर करून त्यांना थांबवलं, डोकं किंचित कललं, जणू पुढे कुठेतरी एक बाई हसली होती आणि ते त्याला ऐकू आलं. त्याने तिच्या गळ्याकडे पाहिलं. जीभ दातांवरून फिरवली. आणि दुसऱ्यांदा म्हणाला.

लोकांना हे फार आवडलं. पब्लियस शेजारच्याच्या मांडीवर थाप मारून म्हणाला, "हे नवीन आहे! बाबा अगदी असेच!" हिलारस रांगांमागून रांगा नजरेने चाळत होता, पांढरे हात कुठे दिसतात का ते. दिसले नाहीत. रंगमंच भरलेला होता, सगळे बसून झाले होते आणि वर तोंडं करून त्याची वाट बघत होते. त्याने झगा ओढला.